मैफल कोणी वाचवली? टेपरेकॉर्डर घेऊन बसलेल्या हौशी माणसांचा इतिहास

  पुणे, नागपूर, बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद अशा ठिकठिकाणांहून तुम्ही ही मालिका ऐकता आणि आता वाचताही, याचा आनंद आहे. आजवर आपण बहुतेक वेळा लढाया, किल्ले आणि छावण्या यांवर बोललो. आजचा विषय शांत आहे. पण त्यातही शस्त्र आहे, रसद आहे आणि वेळेवर हाललो नाही तर हरण्याची पाळीही आहे.

एक प्रश्न विचारतो. भास्करबुवा बखले कसे गात होते? बालगंधर्वांचे गुरू, 'स्वयंवर'च्या चालींचे कर्ते, पुण्याच्या भारत गायन समाजाचे संस्थापक. १९२२ मध्ये ते गेले. त्यांचा आवाज आज कुठेही नाही. अल्लादियाखाँसाहेबांचं काय? जयपूर घराण्याचा हा मूळपुरुष कोल्हापुरात आणि मुंबईत आपल्या माणसांमध्ये राहिला, १९४६ पर्यंत हयात होता. त्यांचंही मुद्रण नाही. शिष्यांच्या गाण्यावरून अंदाज बांधायचा, जुन्या लोकांच्या आठवणी वाचायच्या आणि गप्प बसायचं.

आता दुसरा प्रश्न. देवासला राहणारे कुमार गंधर्व मैफलीत कसे गात होते? याचं उत्तर अडीच-तीन तास ऐकता येतं. तंबोरे जुळताना, कुमारजी मधेच दोन वाक्यं बोलताना, समोरून 'वाहवा' येताना, सगळं ऐकू येतं. पहिल्या प्रश्नाला उत्तर नाही आणि दुसऱ्याला आहे. या दोन्हींच्या मधे एक यंत्र उभं आहे, आणि यंत्राशेजारी एक माणूस बसलेला आहे. तो कंपनीचा नोकर नव्हता आणि आकाशवाणीचाही नव्हता. तो हौशी होता. आज त्याचा इतिहास सांगायचा आहे.

आधी तबकडीचं पाहू. १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग नावाचा तंत्रज्ञ कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. तिथून आपल्याकडे ग्रामोफोनचा धंदा सुरू झाला. त्या तबकडीचे उपकार मोठे आहेत. अब्दुल करीमखाँसाहेबांचा आवाज आपल्याला तिनेच दिला. पण तिची एक बाजू साधारण तीन मिनिटांची. विलंबित ख्यालाचं एखादं आवर्तनच मिनिटभर चालतं. म्हणजे तबकडीवर राग मांडायचा तर घराचं दार उघडून लगेच लावून घ्यायचं. त्यात कलाकार कर्ण्यासमोर एकटा. समोर श्रोता नाही, दाद नाही. तबकडीवर आहे ते गाणं, पण ती मैफल नाही.

मैफल पकडायची हौस मात्र तेव्हापासूनची आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात लायोनेल मेपलसन नावाचे ग्रंथपाल होते. त्यांनी एडिसनचं मेणाच्या नळकांड्यांचं यंत्र विकत घेतलं आणि १९०१ ते १९०३ या काळात चालू प्रयोगातले तुकडे मुद्रित केले. प्रत्येक तुकडा जेमतेम काही मिनिटांचा, खरखर भरपूर. तरी त्या काळातले काही गायक रंगमंचावर कसे गात, याचा तेवढाच पुरावा आज जगाकडे आहे. ज्याचं ते कामच नव्हतं, त्याच्या हौसेतून हा पुरावा राहिला.

मोठा बदल झाला टेपमुळे, आणि इथे माझ्या जुन्या खात्याचा संबंध येतो. मी सिग्नल कोअरचा. जबलपूर ही सिग्नलवाल्यांची जुनी छावणी, त्यामुळे ही गोष्ट सांगताना थोडा अभिमान वाटतो. चुंबकीय फितीवर आवाज टिपणारं 'मॅग्नेटोफोन' हे यंत्र जर्मनीच्या एईजी कंपनीने १९३५ मध्ये लोकांपुढे आणलं. युद्धाच्या काळात जर्मनांनी ते इतकं सुधारलं की रेडिओवर गाणं प्रत्यक्ष चाललंय की मुद्रित आहे, हे ओळखू येईना. १९४५ मध्ये अमेरिकन सैन्याच्या सिग्नल कोअरचा जॅक मलिन हा अधिकारी जर्मनीत अशा यंत्रांपर्यंत पोहोचला. त्याने दोन यंत्रं सुटी केली आणि टेपच्या ५० रिळांसह टपालाने तुकड्या-तुकड्यांत घरी पाठवली. १९४६ मध्ये त्याने ती सॅन फ्रान्सिस्कोत जाणकारांपुढे चालवून दाखवली. पुढच्याच वर्षी बिंग क्रॉस्बी या गायकाचा रेडिओ कार्यक्रम टेपवर मुद्रित होऊ लागला. सैनिकाच्या सामानातून आलेल्या वस्तूने संगीताचा इतिहास बदलला, तो असा.

आपल्याकडे हे यंत्र पोहोचलं १९५० च्या दशकात. किंमत जबर आणि परदेशी मालावर निर्बंध. त्यामुळे ते ज्यांच्याकडे आलं ती माणसं मोजकी होती : डॉक्टर, कारखानदार, इंजिनिअर, एखादा हौशी वकील, परदेशी जाऊन आलेला प्राध्यापक. ग्रुंडिग, फिलिप्स, पुढे अकाई ही नावं त्या घरांत माणसांच्या नावांसारखी घेतली जात.

हिशेब काय होता तोही सांगतो, कारण हिशेबावाचून इतिहास कळत नाही. सात इंची स्पूलवर १,२०० फूट टेप. सेकंदाला पावणेचार इंच या वेगाने ती चालवली तर एका बाजूला ६४ मिनिटं मिळतात. आवाज अधिक चांगला हवा म्हणून वेग दुप्पट केला तर ३२. म्हणजे प्रत्येक मैफलीत हौशी माणसाला निर्णय घ्यावा लागे : उत्तम आवाजात अर्धा तास, की बऱ्या आवाजात तासभर? तीन मिनिटांच्या जगातून आलेल्यांना तास म्हणजे जहागिरी वाटली असेल.

काही लोक टेप वाचवण्यासाठी मधे यंत्र थांबवत. असं सगळीकडेच घडत होतं. अमेरिकेत डीन बेनेडेटी नावाचा एक वादक १९४७-४८ मध्ये चार्ली पार्करच्या मागे यंत्र घेऊन फिरला. पार्कर वाजवायला लागला की यंत्र चालू, दुसऱ्याची पाळी आली की बंद. ती मुद्रणं १९९० मध्ये बाहेर आली. पार्कर जवळून कळला, पण त्याच्या भोवतीचे लोक मधेच तुटले. आपल्याकडच्या टेपांतही असे तुटलेले तबलजी आणि अर्धवट द्रुत सापडतात. त्यांना नावं ठेवू नका. टेप महाग होती.

टेप कधी आली, याला किती महत्त्व होतं बघा. द. वि. पलुस्कर १९५५ मध्ये गेले, वय अवघं ३४. यंत्र देशात नुकतं रुजत होतं. त्यामुळे त्यांच्या मैफलींची मुद्रणं कमी, आणि जी आहेत ती सोन्यासारखी. कुमारजी क्षयाच्या दुखण्यातून उठून पुन्हा गाऊ लागले तेही याच दशकात. पण पुढची जवळपास चाळीस वर्षं ते गायले, आणि त्या सगळ्या काळात त्यांच्यासमोर कुणी ना कुणी टेप लावून बसलेलं होतं. वसंतराव देशपांडे मूळचे आमच्या शेजारच्या विदर्भातले, मूर्तिजापूरचे. लष्करी हिशेब खात्यात नोकरी करून गाणारा माणूस. १९६७ मध्ये 'कट्यार काळजात घुसली' आलं आणि ते घराघरांत पोहोचले, तोवर टेप मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागली होती. म्हणून त्यांची मैफल आजच्या तरुणाला ऐकता येते. इंदूरच्या अमीरखाँसाहेबांच्या हयातीत तबकड्या निघाल्या त्या मोजक्याच. १९७४ मध्ये मोटार अपघातात ते गेले. त्यांचं गाणं आज एवढ्या लोकांच्या कानात आहे ते बहुतांशी खासगी मुद्रणांमुळे.

मुद्रण झालं तरी काम अर्धंच व्हायचं. उरलेलं अर्धं म्हणजे वाटणं. दोन यंत्रं तारेने जोडायची, एकावर वाजवायचं आणि दुसऱ्यावर उतरवून घ्यायचं. 'तुमचा मारवा द्या, माझा ललत घ्या' असा व्यवहार. प्रत्येक नकलेबरोबर फितीची सळसळ वाढत जायची. चौथ्या-पाचव्या पिढीची प्रत म्हणजे पावसातून कुणी गातंय असं वाटायचं. तरी माणसं ती जपून ठेवत.

या व्यवहाराचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण पक्के होते. कलाकाराला विचारल्याशिवाय यंत्र लावायचं नाही. ते लपवून नेणारे होते, पण त्यांना मान नव्हता. टेप विकायची नाही. आणि 'कुणाला देऊ नका' असं कलाकाराने सांगितलं असेल तर द्यायची नाही. अमेरिकेत 'ग्रेटफुल डेड' या वाद्यवृंदाने १९८४ मध्ये मुद्रण करणाऱ्या श्रोत्यांसाठी सभागृहात वेगळी जागाच ठेवली. घ्या, वाटा, पण विकू नका, एवढी अट. आपल्याकडे तशी जागा आखून दिली नव्हती, मात्र गायकाच्या नजरेने ती ठरत असे.

कलाकारांची बाजूही नीट समजून घेऊ. ते उगाच चिडत नव्हते. घराण्याची चीज म्हणजे पिढ्यांची ठेव. ती टेपवरून कुणीही उचलणार. आजचा दिवस वाईट गेला, आवाज बसला होता, तर तेच मागे राहणार. आणि टेप घरी ऐकायला मिळाली की पुढच्या कार्यक्रमाला माणूस तिकीट काढेल का? केसरबाई केरकर मुद्रणाच्या बाबतीत कडक होत्या. म्हणून त्यांच्या मैफली आपल्याकडे फार थोड्या उरल्या. गंमत अशी की त्यांच्याच भैरवीची साडेतीन मिनिटांची तबकडी १९७७ मध्ये 'व्हॉयेजर' यानावरच्या सोनेरी तबकडीवर बसून सूर्यमालेबाहेर निघाली. त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई गेल्या. त्यांचा आवाज आज ताऱ्यांच्या दिशेने चाललाय, पण त्यांची पूर्ण मैफल ऐकायची तर हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या टेपा शोधाव्या लागतात. त्यांचा नकार हा त्यांचा हक्क होता. त्याची किंमत मात्र पुढच्या पिढीने मोजली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि हे आपल्याला पचवता आलं पाहिजे.

मग आली कॅसेट. फिलिप्सने ती १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली. आपल्याकडे तिचा पूर आला १९८० च्या दशकात. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची, म्हणजे राग रंगात आला की खट्ट! बाजू उलटेपर्यंत दोन आवर्तनं गेली. १२० मिनिटांची कॅसेट मोहात पाडायची, पण तिची फीत पातळ. ताणली जायची, गुंतायची. तरीही कॅसेटने एक मोठं काम केलं. जे पन्नास घरांत होतं ते पन्नास हजार घरांत गेलं.

मझौलीसारख्या गावाला याचा अर्थ काय, ते पुण्या-मुंबईच्या श्रोत्याला सांगावं लागेल. आमच्याकडे विष्णुवराहाचं कलचुरी काळातलं मंदिर आहे, सिहोऱ्याचा रस्ता आहे, शेती आहे. सवाई गंधर्व महोत्सव नाही. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, म्हणून मराठी कुटुंबं इथे आली आणि राहिली. पण गाणं ऐकायला त्यांना जबलपूर, नाहीतर थेट नागपूर, इंदूर किंवा ग्वाल्हेर गाठावं लागे. शनिवारी रात्री आकाशवाणीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम हा आधार होता; तो १९५२ पासूनचा. बाकी जे आलं ते पाहुण्याच्या पिशवीतून. पुण्याहून येणारा भाचा चितळ्यांची बाकरवडी आणायचा आणि तिच्याबरोबर दोन कॅसेटी. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाचा कान या नकलांवर तयार झालाय. टोरांटोच्या किंवा न्यू जर्सीच्या मराठी घरातही हेच सांगतील.

माझं स्वतःचं ऐकणं सीमेवरच्या चौकीत झालं. एक यमन होता, चौथी-पाचवी नक्कल. विलंबितात एका ठिकाणी श्रोत्यांतला कुणी तरी जोरात खोकतो. मी ती कॅसेट इतक्या वेळा ऐकली की आजही कुठल्याही गायकाचा यमन त्या जागेपाशी आला की मी खोकल्याची वाट पाहतो. तो माणूस कोण, कुठला, मला ठाऊक नाही. पण मैफल म्हणजे तोही.

घरात साठलेलं हे धन बाजारातही आलं. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने मोठ्या कंपन्या ज्यांच्याकडे वळल्या नव्हत्या अशा बुजुर्गांचं गाणं कॅसेटवर आणलं. मुंबईत सत्यशील देशपांडे यांनी संवाद फाउंडेशनच्या मार्फत गवयांना बसवून मुद्रणं केली. १९८२ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं संगीत-संग्रहालय पुण्यात सुरू झालं. ते आज गुरुग्रामला आहे. १९९० मध्ये सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स काढली. हौशी माणसं संस्था उभारतात ती अशी, आधी छंद आणि मग जबाबदारी.

कायद्याचंही थोडक्यात सांगतो, कारण यूट्यूबच्या दिवसांत त्याची गरज आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्याला त्याच्या सादरीकरणावर वेगळा हक्क नव्हता. तो १९९४ च्या दुरुस्तीने आला आणि १९९५ पासून लागू झाला. सुरुवातीला त्याची मुदत २५ वर्षं होती, पुढे ती ५० झाली. मुद्रण करणाऱ्याने स्वतःच्या खासगी वापरासाठी, किंवा प्रामाणिक शिक्षण-संशोधनासाठी केलेलं मुद्रण कायदा चालवून घेतो. विकायचं, प्रसारित करायचं, सगळ्या जगाला द्यायचं, तर प्रश्न वेगळा. २०१२ मध्ये आणखी एक गोष्ट आली : आपलं नाव लागावं आणि आपल्या सादरीकरणाची मोडतोड होऊ नये, हा कलाकाराचा नैतिक हक्क. जुन्या हौशी लोकांनी मनाने पाळलेला नियमच कायद्याने उशिरा लिहून काढला, असं मला वाटतं.

आता खऱ्या मुद्द्यावर येतो. ही लढाई आपण आज हरतोय.

ज्यांनी १९६०-७० च्या दशकांत यंत्रं लावली ती पिढी गेली किंवा नव्वदीला आली. घरं विकली जातायत. माळ्यावरचं खोकं खाली येतं, मुलाला किंवा सुनेला त्यात काय आहे ते माहीत नसतं, वाजवायला यंत्र नसतं, आणि खोकं भंगारात जातं. काही वर्षांपूर्वी जबलपुरातल्या एका घरी मी असं खोकं उघडलं. चाळीसएक स्पूल. सात-आठांवर नाव आणि तारीख होती. बाकीच्यांवर काहीच नाही. एकावर फक्त 'गणपती, रात्री, फार छान' एवढंच. गाणारा कोण? कुठल्या गावचा गणपती? साथीला कोण? ज्यांना ठाऊक होतं ते तीन वर्षांपूर्वी गेले होते. त्या टेपवरचं गाणं वाचलं, पण त्याचं नाव हरवलं. अनामिक सैनिकाच्या समाधीपुढे उभं राहिल्यासारखं झालं मला.

म्हणून काही सूचना देतो. हुकूम समजा.

पहिली : आधी माणूस, मग टेप. घरात ज्यांना आठवतं त्यांना आजच बसवा आणि मोबाइलवर बोलतं करा. कोण गात होतं, कुठे, कोणत्या साली, साथीला कोण, यंत्र कोणाचं. टेप अजून पाच वर्षं थांबेल, आठवण थांबणार नाही.

दुसरी : जुनी टेप सापडली की हौसेने लगेच जुन्या यंत्रावर चढवू नका. व्हिनेगरसारखा वास आला तर फीत कुजू लागली आहे. काही फिती चिकट झालेल्या असतात. चालवल्या तर मसाला खरवडून निघतो आणि गाणं कायमचं जातं. जाणकाराकडे द्या. खोक्याचे, लेबलांचे फोटो काढा. खोकं फेकू नका, त्यावरचं हस्ताक्षर हाही पुरावा आहे.

तिसरी : सूर तपासा. त्या काळी व्होल्टेज पडायचं, सेल उतरायचे, यंत्र हळू चालायचं. मुद्रण हळू झालेलं असेल तर नीट वेगाने वाजवताना आवाज चढतो. वेगात सुमारे ६ टक्के फरक पडला की काळी एकचं गाणं पांढरी दोनवर जातं. आणि त्यावरून पोरं ठरवतात की बुवा फार चढ्या पट्टीत गात. हार्मोनियम मिळवा, गायकाची पट्टी माहीत करून घ्या, मग वेग लावा.

चौथी : मूळ प्रत जशी आहे तशी ठेवा. खरखर काढायच्या नादात तंबोरा पुसला जातो. साफसूफ करायची ती दुसऱ्या प्रतीवर. आणि प्रती दोन ठिकाणी असू द्या, एकाच छताखाली नकोत. फौजेत सगळा दारूगोळा एका कोठारात ठेवत नाहीत.

पाचवी : कलाकाराच्या घरच्यांना कळवा. बहुतेक ठिकाणी त्यांच्याकडे ती मैफल नसते. नातवाने आजोबांचा आवाज पहिल्यांदा ऐकावा, याहून मोठी परवानगी कुठली? ते 'नको' म्हणाले तर मान राखा. ठेवी स्वीकारणाऱ्या संग्रहालयांत अटी घालून ठेवता येतं : अभ्यासकाने तिथे बसून ऐकावं, बाहेर न्यायचं नाही. टेप वाचवणं आणि ती जगाला वाटणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यासाठी थांबायचं कारण नाही. दुसऱ्यासाठी विचारावं लागतं.

आणि ज्यांच्याकडे मोठे संग्रह आहेत त्यांना हात जोडून एक सांगणं. 'माझ्याकडे आहे, दुसऱ्याकडे नाही' हे सुख मला समजतं. पण आपल्याला अमीरखाँसाहेब मिळाले ते कुणी तरी नक्कल दिली म्हणून. ज्याने दिली नाही त्याचा संग्रह त्याच्याबरोबर गेला. कुलपातली टेपही कुजतेच.

तर मंडळी, या रविवारी माळ्यावर चढा. जे सापडेल त्यावर नाव, गाव, तारीख लिहा. बॉलपेनने नको, शिसपेन्सिलीने, शाई पसरते. काय सापडलं ते मला जरूर कळवा. जय हिंद.